बूथमधला रेडिओ

आई,

आज दुकानात एक बाई आली होती. जिते गावची, माझीच गिऱ्हाईक. मी आता पेण-रोहा पट्ट्यात घरांच्या छपरांवर छोट्या डिश बसवून बिनतारी इंटरनेट पुरवते, हे तू गेल्यानंतरचं, तुला कुठून माहीत असणार? तिचा मुलगा कॉलेज सोडून घरी बसलाय. "जेवनात लक्ष नाय, कुनाशी बोलत नाय, सारखा त्या मोबाईलला चिकटलेला. सगळं तुझ्याच मशीनमधून जातंय ना गो? मग बघ आनि सांग मला, कुनाच्या नादी लागलाय." मी तिला उद्या ये म्हटलं. ती पायऱ्या उतरली आणि मला तुझी आठवण आली. खरं तर रागच आला, कारण असल्या वेळी काय करायचं हे तू मला धड शिकवलंच नाहीस.

बाकी धंदा मात्र मी तुझाच उचलला. नव्वदीच्या त्या वर्षांत रोह्यात आपला एसटीडी बूथ होता. धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की माणसं बसमधून उतरून थेट आपल्या दारात यायची. तू स्टुलावरून उठून ओरडायचीस, "नुसता निरोप कुनाचा हाय? त्यांनी पुढं या. गप्पा मारनाऱ्यांनी बाकावर बसा." कुणी कुरकुरला तर त्याला माठातलं पाणी द्यायचीस. आता डोलवीच्या कारखान्यातले कंत्राटी कामगार खोल्यांवर परतले की सगळे एकदम सिनेमे लावतात आणि माझी लाइन घुसमटते. मीही मशीनला तेच सांगून ठेवलंय, निरोप आधी, सिनेमा मागून. लोक फोनवर शिव्या घालतात, आणि त्यांना पाणी पाजायची सोय नाही.

केबिनचं दार फुगलेलं होतं, ते कधी नीट लागलंच नाही. आत कुणाचा आवाज रडवेला झाला की तू काउंटरवरच्या रेडिओचा आवाज वाढवायचीस. कॉलेज संपवून मी तुझ्या मदतीला बसायला लागले, तेव्हा तू पहिलं तेच शिकवलंस. "कुनाचा गळा भरून आला की आवाज वाढव. आपल्याला काय करायचंय त्यांचं?" लोक म्हणायचे, बाईला गाण्याचा भारी नाद आहे. घरी तू कधी रेडिओ लावल्याचं मला आठवत नाही.

मग त्या म्हातारीचं काय, आई? तिच्या गावातलं शेवटचं उरलेलं ज्यू घर तिचं. बाकीचे सगळे इस्रायलला गेले, तिचा मुलगाही. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा वार, तो पाळायची म्हणून ती रविवारी यायची. तिला आकडे वाचता येत नव्हते, नंबर तूच लावायचीस, लावून लावून तो तुला पाठ झाला होता. मला अजून दिसतं, ती केबिनमध्ये उभी आहे, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलाय, "मी बरी हाय रे, दोन्ही वेळा जेवते," म्हणतेय. बाहेर येऊन बाकावर बसते ती धापा टाकत, पाय सुजून चपलेत मावत नाहीत. एका रविवारी ती गेल्यावर तू रेडिओ बंद केलास, तोच नंबर पुन्हा लावलास आणि म्हणालीस, "तुमची आई खोटं बोलते. येऊन बघा." 

मुलगा आला, तिला घेऊन गेला. निघताना त्यांची जीप आपल्या दारात थांबली. म्हातारी आत येते, तुझा हात स्वतःच्या गालाला लावते आणि विचारते, "तू ऐकत व्हतीस व्हय गो?" ती चिडली होती की सुखावली होती? इतकी वर्षं मी तो सूर मनात घोळवतेय, मला कळत नाही. ती तिकडे रमली की झुरली, तेही कळलं नाही. तू मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रेडिओ लावायला लागलीस. नियम मोडायचा तर कधी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, "भाजी निवड."

मला कुणाचं बोलणं दिसत नाही, आई. कोण कुठल्या दारात गेला, म्हणजे कुठली साइट उघडली, एवढंच दिसतं. बाई गेल्यावर मी ते पाहिलं. तिचा मुलगा पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी जातोय, जगणं नकोसं झालेल्यांशी बोलायला माणसं बसलेली असतात तिथे.  त्याच्या आईला सांगितलं तर घाबरून ती मोबाईलच काढून घेईल, आणि त्याचं ते एक दारही बंद होईल. नाही सांगितलं आणि काही झालं तर? तो मदत मागतोय, म्हणजे सावरतोय की बुडतोय? 

उद्यापर्यंत थांबवत नाही. हा कागद ड्रॉवरमध्ये टाकून मी निघणार आहे, डिश तपासायच्या निमित्ताने आधी त्यालाच भेटणार आहे. तो विचारणारच, तुम्ही बघत होता का म्हणून. त्याला काय सांगू? जीप दारात उभी असताना तू म्हातारीला उत्तरादाखल जे सांगितलंस ते मला आज हवं आहे. तू बराच वेळ बोलत होतीस, ती मान हलवत होती, एवढं मी पाहिलं. ऐकलं काहीच नाही. तिने विचारलं तसा तुझा गळा भरून आला होता, आणि मी, तू शिकवल्याप्रमाणे, रेडिओचा आवाज वाढवला होता.