चटका न बसणारे हात

६ नोव्हेंबर १९८८, रविवार

कढईतली चकली ह्यांनी बोटांनी काढली. उकळत्या तेलातून!

मी झारा घ्यायला वळले तेवढ्यात. हे नुकतेच जपावरून उठून स्वयंपाकघरात आले होते. एक चकली तळाशी चिकटली होती. वाकले, हात घातला, उचलली, ताटलीत ठेवली. चेहऱ्यावर काही नाही. मी किंचाळले. आमची निर्मला अभ्यास टाकून धावत आली. हे आपल्या बोटांकडे बघत उभे — जशी काही दुसऱ्या कुणाची आहेत.

"काही झालं नाही गं. खरंच काही झालं नाही."

झालं कसं नाही! तासाभरात तीन बोटांवर टरारून फोड. मी बर्फ धरला, तर म्हणाले, "धरलास का?"

११ नोव्हेंबर

दिवाळी झाली. फोड फुटले. दुखत नाही म्हणतात.

१४ नोव्हेंबर, सोमवार

शेजारच्या शकुंतलावहिनी आल्या होत्या. त्यांचे मिस्टर बाळकृष्ण आणि हे कारखान्यात एकाच शॉपमध्ये, कॉइल वाइंडिंगला, तारा गुंडाळायच्या कामावर. आज तिथे नुकता झाळलेला, तापलेला तांब्याचा जोड ह्यांनी उघड्या हाताने धरला आणि बाजूला ठेवला म्हणे. सगळे बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, "मनोहरबाबू, आप तो सिद्ध हो गए!"

शकुंतलावहिनींनी आवाज खाली आणून विचारलं, "भावजी पहाटे चारला उठून जप करतात ना? किती वर्षं झाली?"

तीन, म्हटलं.

"मग बरोबर," म्हणाल्या.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं. आधी आपली बोटं उलटसुलट करून बघितली. मग — "मलाही तसंच वाटतंय, कांचन." दोनदा प्रमोशन हुकलेला माणूस. नागपूरहून ह्या कारखान्यात येऊन एकोणीस वर्षं झाली, साधा चार्जमन. कॉलनीत कुणी नावाने ओळखायचं नाही. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारचं भजन ह्या वेळी आमच्या क्वार्टरमध्ये. आरतीला ह्यांनी कापूर तबकात न ठेवता तळहातावर ठेवला आणि पेटवला. पूर्ण जळेपर्यंत हात हलला नाही. बायकांनी श्वास रोखलेला. वास आला. कापराचा, आणि खाली दुसरा एक.

कॉलनीतल्या मिश्राबाईंनी ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. ह्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

२० नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवून हे पडले. मी शेजारी गहू निवडत होते. मान वर केली तर हे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, "चहा टाकू?" घोरत होते! उजवा डोळा मिटलेला, डावा उघडा. बुबुळ वर गेलेलं, खाली पांढरी चीर. मी हाताने पापणी मिटली. हात काढला, पुन्हा उघडली.

सूप उचलून अंगणात जाऊन बसले. हे उठेपर्यंत आत गेले नाही.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

भजनाला चाळीसएक माणसं. पिपलानीहून, बरखेड्याहून. चपला फाटकापर्यंत. शकुंतलावहिनी आता भावजी म्हणत नाहीत. "महाराज" म्हणतात. ह्यांच्या अगदी समोर बसतात.

२७ नोव्हेंबर

सकाळी फरशीवर रक्त. दारापासून देवघरापर्यंत, एक आड एक पाऊल. डावं, फक्त डावं. मी मागोमाग गेले. हे जपाला बसलेले, डोळे मिटून (एक मिटून!), आणि चपलेतून वर आलेला खिळा टाचेत रुतलेला. फाटकापर्यंत दूध आणायला जाऊन आले होते तसेच. खिळा मी पकडीने ओढून काढला. माळ थांबली नाही.

पुसायला फडकं आणलं, तर शकुंतलावहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुसू नका ना. मला टिपून घेऊ द्या." पदराचं टोक पुढे केलं.

मी दार लावून घेतलं. वाईट दिसलं असेल. दिसू दे.

४ डिसेंबर, रविवार

थंडी पडलीय. शर्टाची बटणं मीच लावते आता. ह्यांना जमत नाहीत, करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलंय. तेल लावताना कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी हाताला लागलं. कातडीखाली दोरी. पेन्सिलीएवढी जाड. मी दाबली तर हे कळवळले! महिन्याभरात पहिल्यांदा! त्या दोरीत दुखतं आणि त्याच हाताच्या बोटांत काहीच नाही — हे कसलं सिद्ध होणं?

कसली कृपा करंगळी वाकडी करते?

१० डिसेंबर, शनिवार

टाउनशिपच्या दवाखान्यात नेलं नाही. तिथे प्रत्येक कंपाउंडर ओळखीचा. महाराणा प्रताप नगरला एक डॉ. अच्युत देव बसतात, कातडीचे. साडी घ्यायला जातो म्हणून निघालो.

डॉक्टर म्हातारे, सावकाश बोलणारे. ह्यांना डोळे मिटायला लावून दोन काचेच्या नळ्या हाताला लावल्या. एकीत गरम पाणी, एकीत गार. "सांगा, कोणती गरम?" हे म्हणाले, "दोन्ही सारख्याच." मग सुई टोचली. हे वाट बघत होते कधी टोचताय म्हणून. मग भुवया बघितल्या. बाहेरच्या टोकाचे केस गेलेत. रोज समोर बसून जेवते मी, मला दिसलं नव्हतं! पाठीवर फिकट चट्टे. कानाच्या पाळीला छोटी चीर देऊन तपासायला काचेवर थोडा रस घेतला.

काय करता, असं डॉक्टरांनी विचारलं. वाइंडिंग, हे म्हणाले. डॉक्टर हसले. "मग तुम्हाला लगेच कळेल. मज्जातंतू म्हणजे तारांची जुडी. मेंदूकडून हातापायाकडे जाते आणि परत येते. ह्या रोगाचे जंतू त्या जुडीत घर करतात. शरीर त्यांच्याशी भांडतं, जुडी सुजते, आवळली जाते. मग चटक्याची बातमी वरपर्यंत पोचत नाही. आणि वरचा हुकूम बोटांना पोचत नाही, म्हणून ती वळतात. पापणीचंही तेच."

"कोणता रोग?" मी विचारलं.

"कुष्ठरोग, बाई."

खोलीत पंखा बंद होता. तरी मला गार वाटलं.

डॉक्टर बोलत राहिले, मी जमेल तेवढं धरलं. तीन औषधं, दोन वर्षं. पहिल्या काही डोसांनंतरच दुसऱ्याला लागायचा धोका जवळजवळ राहत नाही. घर सोडायचं नाही, भांडी वेगळी नकोत. सूज उतरायला वेगळ्या गोळ्या, हळूहळू कमी करायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. हातपाय रोज पाण्यात भिजवून तेल लावायचं. "जे कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं. रोज. तळवे, टाचा." चूल, खिळे, चपला सांभाळायच्या. अलीकडे गेलेली संवेदना परत येऊ शकते. जुनी गेलेली येईलच असं नाही. घरच्यांनाही तपासायचं — जंतू शिरल्यावर दिसायला पाच-पाच वर्षं लागतात.

उठताना ह्यांनी एकच विचारलं, "म्हणजे जपाने नव्हतं?"

११ डिसेंबर

ह्यांनी गोळ्या फेकून दिल्या. "तुला मी कधीच मोठा झालेला बघवत नाही." एकोणीस वर्षांत असं बोलले नव्हते. मी गोळ्या वेचल्या. निर्मलाने खाटेखालच्या दोन काढून दिल्या आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मला रोज वेणीला हात लावून उठवता. तुम्हाला माझे केस लागतात का हाताला?"

हे रडले. उजव्या डोळ्यातून आधी, डाव्यातून नुसतंच वाहत होतं.

गोळ्या घेतल्या.

१२ डिसेंबर

लघवी लालभडक! हे घाबरून बाथरूममधून ओरडले. गोळीचा रंग आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी विसरले होते.

१४ डिसेंबर, बुधवार

निर्मला आणि मी तपासून आलो. काही नाही. देवा!

हे म्हणाले, "उद्या गुरुवार. मी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकतो."

मी नाही म्हटलं. हे नीट लिहून ठेवते, कारण मीच म्हटलं. नळावर आपली बादली कुणी पुढे सरकवू देईल? निर्मलाच्या शेजारी कॉलेजच्या बसमध्ये कोण बसेल? अमरावतीच्या काशिनाथमामांचं ह्याच रोगापायी काय केलं होतं घरच्यांनी ते मी बघितलंय, लहान होते तरी. महाराज म्हणून पाया पडतात ते परवडलं. "तुम्ही नुसते बसा," म्हटलं. "बोलू नका. कापूर नको."

"आणि कुणी विचारलं तर?"

"मी बघते."

१५ डिसेंबर, गुरुवार

शकुंतलावहिनींनी विचारलं, हाताला पट्टी कसली. अनुष्ठानाची, मी म्हटलं. पटकन आलं तोंडातून. त्यांनी पट्टीला कपाळ लावलं.

१९ जानेवारी १९८९, गुरुवार

औषधाने रंग बदलतोय ह्यांचा. तांबूस, काळसर, तेल लावल्यासारखा चमकतो. डॉक्टर म्हणाले, नंतर उतरेल. भजनाला मिश्राबाई म्हणाल्या, "देखो, चेहरे पर कैसा तेज आ गया!" साठ माणसं एकदम वळून बघायला लागली. मीही बघितलं. क्षणभर मलाही दिसलं!! भीती वाटली स्वतःचीच.

२ फेब्रुवारी

कोपराची दोरी मऊ पडलीय. बोटांत मुंग्या येतात म्हणतात. मुंग्या म्हणजे चांगलं. ओल्या मातीच्या गोळ्यावर बोटं सरळ करायचा व्यायाम निर्मला करून घेते. पाय रोज बादलीत.

१९ फेब्रुवारी, रविवार

चहाचा ग्लास हातात दिला आणि "आई गं!" म्हणून ह्यांनी सोडला. फुटला. आम्ही तिघं काचांमध्ये उभे. निर्मला टाळ्या वाजवत होती. "लगा! बाबा, लगा ना?"

उजव्या हाताच्या दोन बोटांना चटका लागला. डाव्या पायाचं काही नाही, टाच गेली ती गेली. पण दोन बोटं!

मी साखर वाटायला उठले. कुणाला वाटणार? परत बसले.

हे मात्र हसले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "मी कुणीतरी होतो, कांचन. तीन महिने का होईना." मी तळहात बघितले त्यांचे, मग टाचा. रोजच्यासारखे.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांनी भजनाला यायला नकार दिला. मी बाहेर येऊन सांगितलं, महाराजांनी मौन धरलंय. माणसं दाराला नमस्कार करून गेली. खोटं बोलायला आता विचारही करावा लागत नाही मला.

१६ मार्च

दार बंद असलं तरी गुरुवारी पायरीवर फुलं असतात.

३० मार्च, गुरुवार

शकुंतलावहिनी दुपारी आल्या. एकट्या. पदराखाली हात. चेहरा असा उजळलेला की मी आधी म्हटलं, मुलाला नोकरी लागली वाटतं.

"तुम्हालाच आधी सांगतेय, वहिनी. चार महिने कुणाला बोलले नाही. महाराजांनी मला दिलं."

हात बाहेर काढला. हळदीने माखलेलं फडकं सोडलं. तळहाताला खोल भाजलेलं, पिकलेलं. करंगळी आत वळलेली.

"रोज निखाऱ्यावर धरते," म्हणाल्या. "काही होत नाही."

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. दाबला. त्या माझ्या तोंडाकडे बघून हसत होत्या, माझ्या बोलण्याची वाट बघत. माझा हात तिथे आहे हे त्यांना कळलंच नव्हतं.

"बसा वहिनी," मी म्हटलं. "मी तुमच्याशी खोटं बोलले."