तळ्यापर्यंतचे मुक्काम

२ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात ट्रकची किल्ली मालकांच्या हातात ठेवली. निवृत्त झालो. घरी येऊन पहिलं काम केलं ते नकाशा पसरायचं. गाडीवर लागलो तेव्हा तुला तळ्याकाठी तंबूत नेईन म्हणालो होतो, आणि तेहतीस वर्षं नुसता तोंडानेच नेत राहिलो. आता मे महिन्यात नक्की.

दिवसाला तीनशे किलोमीटर धरलेत. जातानाचा मुक्काम ट्रकच्या वजनकाट्यामागच्या पटांगणात, येतानाचा माझ्या ओळखीच्या टायरवाल्याच्या आवारात. दोन्हीकडे रात्रभर दिवे आणि राखणदार. तंबूचं कापड पाठवतोय, शिवणार तूच.

माया असू द्यावी, ही विनंती.
तुझा भाऊ

९ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझे मुक्काम वाचून हसता हसता पुरेवाट झाली. अरे, मी तुझी बहीण आहे की सिमेंटची पोती? वजनकाट्यामागे कोण तंबू ठोकतं!

कापड चांगलं आहे, दुहेरी शिवण घालते. पण तू एखाद्या मित्राला घेऊन जा. शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम अंगावर आलंय, आणि जमिनीवर झोपणं मला आता जमायचं नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
आक्का

१४ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

गणवेश तू दरवर्षी मे संपता संपता शिवायला घेतेस, एवढं मलाही ठाऊक आहे. थापा तू आधीही मारल्यास, पण इतकी कच्ची थाप पहिल्यांदाच. माझ्याबरोबर यायचं नसेल तर सरळ सांग. वाईट वाटेल, पण फसवल्यासारखं वाटणार नाही.

राग आलाय, तरी माया कमी नाही.
भाऊ

२० एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

थाप होतीच. आता खरं ऐक. फेब्रुवारीपासून माझं डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी चार-चार तास यंत्राला जोडून. तू गाडीवर होतास. स्टिअरिंग धरून माझा घोर लावून घेशील, म्हणून सुनेलाही गप्प बसवलं.

आता दोन दिवसांच्या पलीकडे मला गाव सोडता येत नाही. तुझ्याबरोबर यायची फार फार इच्छा होती रे. कापड कापताना रडले, खोटं कशाला सांगू. तंबू तयार आहे, घेऊन जा.

रागावू नकोस, जीव लावत राहा.
आक्का

२ मे

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र आलं त्या दिवशी तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी माझी चूक कळली. लांबच्या खेपेला आम्ही आधी डिझेल कुठे मिळेल ते बघतो आणि मग मुक्काम ठरवतो. तुझ्या बाबतीत मी आधी मुक्काम ठरवून बसलो.

म्हणून सगळं उलटं केलं. वाटेवरच्या डायलिसिस करणाऱ्या अकरा दवाखान्यांना फोन केले. आठांनी नाही म्हटलं, तिघांनी जागा धरून ठेवलीये. रविवारी निघायचं. सोमवारचा तंबू एका शाळेच्या मैदानात, तिथून मंगळवारचं केंद्र आठ मिनिटांवर. बुधवारी तळं. गुरुवारचं केंद्र तळ्यापासून अर्ध्या तासावर. शनिवारचं परतीच्या वाटेवर, आणि रविवारी घर. दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर गाडी हाकणार नाही. तुझ्यासाठी घडीची खाट घेतलीये. डॉक्टरांची परवानगी आणि रिपोर्ट तेवढे हवेत.

इथल्या केंद्रात नर्सबाईंना विचारून एक सकाळ एका पेशंटच्या यंत्राशेजारी बसून आलो. पहिल्या तासात मलाच घाम फुटला, त्यांनी मला पाणी दिलं. पण चार तास बसता येतं मला. तुला बोलायचं नसेल तर गप्प बसेन.

नाही म्हणू नकोस, एवढीच माया कर.
भाऊ

९ मे

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी तुझा कागद दोनदा वाचला आणि भाऊ डॉक्टर आहे का, असं विचारलं. ट्रक चालवायचा, म्हटलं. ते हसले आणि त्यांनी सही केली. पाणी मोजून प्यायचं, एवढी अट.

तिन्ही केंद्रांचे फॉर्म भरून पाठवले. त्यात सोबत कोण बसणार, असा एक रकाना असतो. सून मला दारात सोडून कामावर पळते, बिचारीचा इलाज नाही. त्यामुळे फेब्रुवारीपासून तो रकाना मी कोराच सोडत आले. आज तिन्ही फॉर्मवर तिथे भाऊ असं लिहिलं.

वाट बघते. लोभ आहे तो वाढव.
आक्का