शाई कमी पडलेली पुस्तकं

आप्पा, एवढ्यात वाचलेल्या पुस्तकांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. घरात दुसरं कुणी ऐकून घेत नाही. तुमचे जावई पेपरातल्या क्रिकेटच्या पुढं जात नाहीत, आणि तुमची नात म्हणते, "मम्मी, थोडक्यात सांग." थोडक्यात सांगायला ते काय खोकल्याचं औषध आहे? तर ऐका. पहिली एक जाडजूड कादंबरी, कबनूरच्या एका यंत्रमागवाल्या घराची. त्यातली माणसं घरात सुद्धा ओरडूनच बोलतात, दिवसभर मागाच्या खडखडाटात कान गेलेले. सासूच्या मयताला सून एवढ्या मोठ्यांदा रडते की शेजारीण म्हणते, "जरा हळू की, पावणं आल्यात." हसता हसता माझे डोळे भरले. काय लिहिलंय! पण निम्म्यात मी ती ठेवून दिली, म्हटलं, पसरट आहे. दुसरं पातळ पुस्तक, एका नव्या लेखिकेच्या कथा, पानावर ऐसपैस मोकळी जागा. ते एका बैठकीत संपवलं आणि भेटेल तिला वाच म्हणून सांगितलं. तिसरं लहान मुलांचं, एका हट्टी शेळीचं, पानाला चार ओळी आणि बाकी चित्र. तिन्हीत मला तेच जास्त आवडलं. आप्पा, मला भ्या वाटतंय ते याचंच. तुमच्या डोळ्यांचं दुखणं माझ्यात उतरलंय की काय, हे मला तुम्हालाच विचारायचं होतं.

तुमची ती वर्षं मला आता नीट आठवतात, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. शाहूपुरीतल्या आपल्या गुळाच्या दुकानात तुम्ही गादीवर बसून विटेएवढ्या कादंबऱ्या वाचायचा. गिऱ्हाईक आलं की बोट पानात घालून ठेवायचा, सौदा झाला की परत आत. मग कधीतरी, नव्वदनंतरच्या सालात, तुमच्या तक्रारी सुरू झाल्या. अजून दिसतंय मला. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पुस्तक उजेडाकडं तिरकं धरून बसलाय आणि छापणाऱ्याचा उद्धार चाललाय. "लेकाच्यांनी पाण्यानं छापलंय. शाईच न्हाय ह्यात!" आई म्हणते, "शाई काय कालवणात घालायची हाय व्हय? बल्ब बदला." बल्ब बदलला. चष्मा बदलला. वाचनालय सुद्धा बदललं. पण कुठल्याच पुस्तकात शाई पुरेना. मग हळूहळू तुमचं मतच बदललं. जेवताना एकदा तुम्ही जाहीर केलं, "आताच्या कादंबऱ्या सगळ्या पसरट. खरं साहित्य बारक्या पोरांच्या पुस्तकात हाय." मी म्हटलं, "मग पुढच्या खेपेला उजळणी आणू काय?" तुम्ही म्हणालात, "आण की! तुझ्या त्या लेखकांपरास बरी." केवढे हसलो होतो आपण. दुकानात सुद्धा तसंच झालं. गूळ बघायचा तो रंगावरनं, ढेप कापली की तुम्ही लांबनं नुसतं बघून माल सांगायचा. आणि आता प्रत्येक ढेपेचा खडा तोंडात टाकायला लागलात. हमाल म्हणायचे, मालकांचं जेवण आज इथंच उरकलं. नंतर एका दुपारी गल्लीत उभ्या असलेल्या हातगाडीवर तुम्ही जाऊन आदळलात, तेव्हा कुठं आम्ही दवाखाना गाठला. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, राहिली तेवढी राखायची. आणि माझ्याकडं वळले, म्हणाले, हे घराण्यातनं येतं, तुम्ही पण दाखवत चला. तुमचा एक डोळा तोवर गेलाच होता, दुसरा पण फार टिकला नाही. शेवटी शेवटी तुम्ही पुस्तक मांडीवर घेऊन बसायचा आणि ठराविक वेळानं पान उलटायचा. आई समजायची, वाचताय. मी एकदा बघितलं, पुस्तक उलटं होतं.

आमच्या गल्लीतल्या बायकांची पुस्तकांची भिशी आहे. जिचं नाव निघेल तिनं महिन्यात वाचलेल्यावर बोलायचं आणि बाकीच्यांना पोहे घालायचे. परवा माझं नाव निघालं. झकास बोलत होते. यंत्रमागवाल्या कादंबरीवर आले आणि तोंडातनं वाक्य गेलं, "आताच्या कादंबऱ्या सगळ्या पसरट, खरं साहित्य मुलांच्या पुस्तकात आहे." बायकांनी माना डोलावल्या. एक म्हणाली, "अगदी बरोबर बोलला बघा." आप्पा, ते वाक्य माझं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगल्या उन्हात गॅलरीत बसले, तीच कादंबरी उघडली आणि एक डोळा झाकला. उजव्यानं सगळं ठीक. डाव्यानं बघितलं तर ओळ संपली की पुढच्या ओळीचं तोंड सापडेना, आणि कडेची अक्षरं पाण्यानं छापल्यासारखी. एवढ्यात लेक कपडे वाळत घालायला आली. "डोळा का झाकलायस गं?" म्हटलं, "कचरा गेलाय." तिनं बादली खाली ठेवली, माझी हनुवटी धरली आणि डोळ्यात फुंकर घातली. "गेला?" मी म्हटलं, "गेला." तिचंही वाचन अखंड चाललेलं असतं. बारीक टाइपाची पुस्तकं पालथं पडून, संध्याकाळच्या अंधुक उजेडात वाचते. आणि बारीक अक्षर दिसतंय तोवर बरं, म्हणून मी ओरडत पण नाही.

दवाखान्यात जायला पाहिजे हे मला कळतंय. उशीर केला की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण एकटी गेले तरी डॉक्टर विचारणारच, मुलं किती, आणि नाव लिहून घेणार तिचं. पोरीचं नाव त्या दुखण्याच्या कागदावर चढवायला माझी जीभ रेटत नाही. माझं काय व्हायचं ते होऊ दे हो, पण तिचं?

पत्र कुठं पाठवणार, घडी करून कपाटात ठेवते. एक मात्र सांगते. लिहिलेलं परत वाचून बघितलेलं नाही. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तर ते मला आज बघायचं नाही.