सुपरचार्जरच्या बाजूने

रवि., १४ सप्टें.
मृणालचा फोन. तिच्या लाल गाडीचं इंजिन उतरवून आमच्या शेडीत ठोकळ्यांवर ठेवलंय, पिस्टन बदलून झाले, असं मी तिला सांगितलं. म्हणाली, छान, मग आता टर्बो. मी म्हटलं, टर्बो कशाला, सुपरचार्जर घाल. का म्हटलं देव जाणे. खाणीच्या वर्कशॉपात जन्मभर डंपरांचे टर्बो उघडले मी. सुपरचार्जरला हात लावला असेन तो एकदाच, तोही कुणा बड्या जमीनदार भाटकाराच्या विलायती गाडीचा. पण आमची लेक इतकी ठासून बोलली की माझी जीभ वळवळली.

मग काय विचारता. फोन कानाला गरम लागेपर्यंत बोलली. एरवी पाऊस आहे का, गोळ्या घेतल्या का, चला ठेवते. आज जर्मनीत बसून मला शिकवत होती की एक्झॉस्टमधला गरम वायू कुठून येतो आणि टर्बोचं चाक कसं फिरवतो. मला! हसू येत होतं, दाबून धरलं.

दुपारची नुस्त्याची, बांगड्याची कडी उरली होती, तीच जेवलो. बरी लागली.

बुध., १७ सप्टें.
बुधवारी फोन. बुधवारी ती कधी करत नाही, म्हणून आधी बरी आहेस ना, तेच विचारलं. काही झालं नव्हतं. ऑफिसातल्या कुणा इंजिनवाल्याला विचारून आली होती. (स्वतः तिथे गाड्यांच्या सीटा आखते, जीव मात्र इंजिनात. माझ्यावर गेली.)

म्हणाली, जो वायू नाहीतरी फुकट जातो त्याला कामाला लावायचं सोडून तुम्ही इंजिनाच्याच गळ्यात बेल्ट बांधता आणि हवा कोंबायचं कामही त्याच्याकडूनच करून घेता. मी म्हटलं, बेल्टवर आहे म्हणून तर पाय दाबला की लगेच ओढते. चोर्ल्याच्या घाटात वळण सुटल्यावर तुझा टर्बो विचार करत बसणार. ती म्हणाली, ते तुमच्या डंपरांचे टर्बो, पपा. आताचे लहान असतात, लवकर जागे होतात.

रविवारी सांगतो म्हटलं. आता रविवारपर्यंत उत्तर शोधलं पाहिजे.

शनि., २० सप्टें.
मोबाइलवर सु. चे व्हिडिओ बघून डोळे चुरचुरताहेत. (सुपरचार्जर लिहायला फार लांब. यापुढे सु. आणि ट.) दोन मुद्दे सापडले. एक, ट. मुळे बॉनेटखाली भट्टी होते, आणि या गाडीत बोट घालायला जागा नाही. दोन, सु. ला तेलाच्या वेगळ्या नळ्या नकोत.

पोदेर हॉर्न वाजवत गेला तरी उठलो नाही. पाव राहिले. सकाळी चहाबरोबर काय, बघू.

रवि., २१ सप्टें.
भट्टीचा मुद्दा लागू पडला. ती म्हणाली, थांबा, बघते. मग, त्याला हीट शील्ड घालतात, नकाशा पाठवते. तासभर झाला असेल. मधे तिने चहा केला, कपाचा आवाज आला. मीही केला. दोघांनी चहा घेत भांडण केलं.

खरं लिहायचं तर ट.च बरा. इथे कोण बघतंय. वाया जाणारं राबवावं, इंजिनावर उगाच ओझं घालू नये, एवढं मला तिच्या जन्माआधीपासून कळतं. पण मी हो म्हटलं की ती पुण्याहून ट. मागवणार, मी महिन्याभरात बसवणार, ट्यूनिंगवाला येऊन जाणार, आणि परत पाऊस आहे का, चला ठेवते. तिची आई, सुनंदा, गेल्यापासून या घरात दुसरा आवाज म्हणजे फ्रिजचा. म्हणून मी सु. वाला. सध्या तरी.

शुक्र., २६ सप्टें.
पेडण्याला गेलो, बाबलकडे. आम्ही एकाच वर्कशॉपात होतो. खाणी थांबल्या तेव्हा त्याने लेथ घातली, मी घरी बसलो. बांद्याचा माणूस, पेडण्यात मुरला तरी बोली सोडली नाही. सु. बसवायच्या ब्रॅकेटचा पुठ्ठा कापून नेला होता. त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"आयुष्यभर टर्बो खोललंस मां तू. आता ह्यां काय नवीन खूळ?"

म्हटलं, मुलीशी वाद चाललाय. वाद असा की तिचं बरोबर आहे. बाबल हसला नाही. त्याचे दोघे मुलगे पेडण्यातच, एक तर वरच्या माडीवर. म्हणाला, दोन शब्द बोलूचे तर सरळ बोल, लोखंड कशाक फुकट घालवतस. मला राग आला. म्हटलं, तू ब्रॅकेट कर, सल्ला नको. त्याने पुठ्ठा ठेवून घेतला.

येताना म्हापशात डिचोलीची बस चुकली. स्टँडवर बसून तिला पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. लगेच उत्तर: "पपा!!! अजून ठरलं नाही ना??" फार बरं वाटलं.

गुरु., २ ऑक्टो., दसरा
गाडी पुसून झेंडूची माळ घातली. इंजिन बाहेर, म्हणून त्यालाही एक फूल. फोटो पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. फोन नाही, कामाचा दिवस असावा. पण तिथे उद्या सुट्टी म्हणाली होती, रात्री तरी करता आला असता. असो.

रवि., ५ ऑक्टो.
आज ताणलं जास्त. तिने चार गाड्यांची उदाहरणं दिली, सगळी पटण्यासारखी. माझ्याकडचं संपलं होतं. संपलं तर गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, सीटा आखणाऱ्यांनी इंजिनात नाक खुपसू नये.

मस्करीत म्हटलं होतं. फोनवर मस्करी दिसत नाही.

ती लगेच: "तुम्हाला माझं काही पटतच नाही, पपा. दहावीपासून बघतेय." आणि ठेवला.

दहावीपासून काय ते आठवून आठवून डोकं पिकलं. काहीतरी असेल. ती उगाच बोलत नाही.

बुध., ८ ऑक्टो.
नाही.

रवि., १२ ऑक्टो.
आजही फोन नाही. मेसेजला दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. मीच शहाणा. चांगलं चाललं होतं, मला कुठे थांबायचं ते कळत नाही. शेडीत गेलो, इंजिनावरचं प्लास्टिक काढलं, परत घातलं.

शुक्र., १७ ऑक्टो.
वाड्यावरच्या पोरांचा कागदी नरकासुर उभा राहतोय, माझ्याच कुंपणाला टेकून. स्पीकरने जनेलाच्या काचा थरथरतात. ओरडायला गेलो आणि त्यांना तारेचे तुकडे देऊन आलो. हात बांधायला दोर वापरत होते, पेटवल्यावर आधी हातच खाली आला असता.

सोम., २० ऑक्टो., दिवाळी
पहाटे नरकासुर जाळला. शेजारच्या शालनवहिनींनी दुधातले आणि नारळाच्या रसातले फोव, दिवाळीचे पोहे, आणून दिले. एकट्याला दोन वाट्या म्हणजे दिवसभराचं झालं.

दहाच्या सुमाराला मृणाल. आवाज साधा, राग नाही. दिवाळीचं बोलली. मग म्हणाली, गाडीचं मी विचार करून ठरवलंय.

"सुपरचार्जरच बसवा, पपा. तुमचंच खरं. मी काही दोन वर्षं तिकडे येत नाही, इथलं काम वाढलंय. तुम्हाला आवडते तशी करा आणि तुम्हीच चालवा."

मी हं म्हटलं. ती म्हणाली, चला ठेवते.

मंगळ., २१ ऑक्टो.
जिंकलो. अभिनंदन.

काल फोन ठेवल्यावर पहिल्यांदा काय वाटलं असेल? अरे, आता हिच्याशी बोलायचं कशावर. दोन वर्षं येत नाही हे त्यानंतर डोक्यात शिरलं. काय बाप आहे.

तिला समजवायला किती काय काय शोधलं होतं. ट. च्या बेअरिंगवर एक चांगला मुद्दा राखून ठेवला होता या रविवारसाठी. आता तो घेऊन कुणाकडे जाऊ? बाबलकडे? तो लोखंडाचा हिशेब काढील.

शुक्र., २४ ऑक्टो.
बाबलचा फोन, ब्रॅकेट तयार. मृणाल सु. ला हो म्हणाली असं सांगितलं. तो म्हणाला, मग लाव बघू, झाला. मी म्हटलं, लावत नाही. का? तर मला सुपरचार्जर नको आहे. पलीकडे त्याने लेथ बंद केली. मग म्हणाला, तुझ्या डोक्याचा हेड गॅस्केट गेला आसा.

आज मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

रवि., २६ ऑक्टो.
फोन नाही. ठरलंय ना सगळं, कशाला करील. तिथली घड्याळं आज एक तास मागे गेली. म्हणजे आणखी एक तास वाट बघायची. बघितली.

स्वयंपाक केला नाही. सकाळची पेज, कांदा, लोणचं.

गुरु., ३० ऑक्टो.
मी केला. तिच्या जेवणाच्या सुट्टीत. मी स्वतःहून तिला फोन केल्याचं आठवत नाही, नेहमी तीच करते. पहिलं वाक्य तिचं, काय झालं, पपा? बरे आहात ना?

म्हटलं, बरा आहे. टर्बोच घालूया.

ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली. म्हणाली, मी हो म्हटलं तर तुम्ही नको म्हणता. मी नको म्हटलं तर… आणि थांबली. आजूबाजूला लोकांचा, ताटल्यांचा आवाज येत होता. मग हळू आवाजात:

"पपा, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

सकाळपासून काय काय ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हटलं, "तू फोन करत जा गो बाय. भांडायला का होईना. मला इथे फार एकटं वाटतं."

बोललो. तोंडातून गेलं. हे मी सुनंदालासुद्धा कधी म्हटलं नव्हतं. फोन कटला की काय, म्हणून मी हॅलो हॅलो केलं. होती. नाक ओढलं तिने. म्हणजे एवढे दिवस सुपरचार्जर, सुपरचार्जर? म्हटलं, होय. तुझं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

रागावली की रडली, मला कळलं नाही. दोन्ही असेल. म्हणाली, रविवारी करते. पण एक अट. गाडीचं अक्षर काढायचं नाही. तुम्ही पण नाही, मी पण नाही.

मी कबूल केलं. लगेच. उड्या मारत.

रवि., २ नोव्हें.
सकाळपासून बालकांवात, दारासमोरच्या बाकावर. फोन भरलाय, रेंज बघितली. आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला, जसा काही तिला दिसणार आहे.

काय बोलायचं, ठरवतोय. तिच्या मैत्रिणीचं विचारावं म्हटलं, तर नाव ठाऊक नाही. घर कितव्या मजल्यावर, ठाऊक नाही. लग्नाचं काही मनात आहे का, ते विचारायची पद्धत ठाऊक नाही. हे सगळं सुनंदाचं खातं. दोघी तासभर कुजबुजायच्या, मग फोन माझ्याकडे यायचा आणि आम्ही क्लचचं बोलायचो. लहान असतानासुद्धा तेच. शेडीत माझ्या शेजारी बसून पाने हातात द्यायची, बाराचा, चौदाचा, कधी चुकली नाही. तेवढीच आमची ओळख. दहावीला काय झालं होतं तेही विचारायचंय, पण त्याने सुरुवात केली तर ठेवून देईल.

पावसाचं बोललो असतो, तर पाऊस थांबला. शालनवहिनींची म्हैस व्याली, हे एक आहे. ते किती वेळ पुरणार.

आणि तिनेच विचारलं, पपा, तुमचं काय चाललंय, तर? शेडीत इंजिन उघडं पडलंय, दुसरं काय चाललंय माझं. आणि नेमकं तेच बोलायचं नाही म्हणाली.