दाजींचा तेरावा राउंड

तीर्थरूप मावशी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (गुडघा अजून सुजलेला असेल तर फक्त बऱ्या पायावर.) तुझी झोप कशी आहे, आणि वरच्या मजल्यावरची मंडळी अजून रोज कपाटं सरकवतात का, ते कळव. इकडे सगळं ठीक. ताईचा खोकला गेला, माझे केस चालले आहेत, आणि दाजी पळतात.

शेवटचं वाक्य तू दोनदा वाचलंस, हे मला इथून दिसतंय. मागच्या पत्रात तूच विचारलं होतंस, की बॉक्सिंगमधली हेवीवेट चॅम्पियन म्हणवणारी ही अवाढव्य माणसं खरंच लांब पळू शकतात, की फोटोपुरती टोपी घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. जन्मभर पोरींना लांब पल्ल्याचं पळायला शिकवलेल्या बाईचा प्रश्न, म्हणून मी तो मनावर घेतला. आधी आमच्या जिमच्या वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, सगळेच पळतात, रोज सकाळी. किती? घाम येईपर्यंत. आता दाजींना जिन्यातही घाम येतो (आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो), तेव्हा या उत्तराने माझं काही समाधान झालं नाही.

त्यात आपल्या हेवीवेट दाजींचं घरात काही बरं चाललं नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्यामुळे बॉक्सिंग बंद केलं, तेव्हापासून हा माणूस स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून असायचा. भाजी निवडायला दिली की निवडायचा, पण थोडा वेळच. मग हात मांडीवर ठेवून समोर बघत राहायचा, आणि ताईने हाक मारली की पुन्हा सुरू. एकदा त्यांनी तिला विचारलं, की मला ठोसे सोडून दुसरं काही येतं का गं? ताईने मला बाहेर बोलावून हे सांगितलं. म्हणून शहरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी त्यांचं नाव घातलं. प्रश्न तुझा, पाय दाजींचे. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी मी सायकलवर बरोबर होतो. सुरुवात बघून तर मी चाट पडलो. मावशी, एवढं धूड, पण पाय कसे हलके पडत होते! बारीक बारीक पोरांना मागे टाकत दाजी निघाले. मी मनात तुला पत्र लिहायलाही घेतलं, की हो, पळतात. आणि तेवढ्यात दाजी थांबले, एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसले, दोन्ही हात पसरले आणि तोंड उघडलं. मला वाटलं, छातीत कळ आली. सायकल टाकून धावलो, तर ते शांतपणे पाण्याची वाट बघत होते. मी पाणी पाजलं. (खोटं कशाला सांगू, खिशात व्हॅसलीनची डबी होती, ती भुवयांनाही लावली. ठोशाने कातडी फाटू नये म्हणून इतकी वर्षं रिंगच्या कोपऱ्यात दाजींना हेच लावलंय, हात आपोआप जातो.) मिनिटभराने ते उठले आणि पुन्हा सुसाट सुटले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन मिनिटं पळायचं, एक मिनिट बसायचं, बॉक्सिंगच्या राउंडसारखं. घंटा वाजवायला कोणी नव्हतं, ती त्यांच्या अंगातच होती. पुढचा राउंड बागेच्या कट्ट्यावर संपला, त्याच्या पुढचा बसथांब्यावर, आणि एक तर न्हाव्याच्या खुर्चीत. न्हाव्याने टॉवेल गुंडाळलाही होता.

या सगळ्यात एका बाईंचे मात्र हाल चालले होते. टपालखात्यातून निवृत्त झालेल्या, किडकिडीत, एका चालीने पळणाऱ्या. दर वेळी दाजी धाडधाड करत त्यांना ओलांडायचे आणि पुढे जाऊन बसायचे. शेवटी त्या पळतापळताच म्हणाल्या, “एकतर पुढे जा, नाहीतर मागे राहा. दर वेळी मागून ट्रक आल्यासारखं वाटतं हो मला.” दाजींनी माफी मागितली, पण बसूनच.

आणि मग बारावा राउंड संपला. तुला माहीत असेल, चॅम्पियनची लढत बारा राउंडची. दाजींनी दोन्ही हात वर केले, शेजारून चाललेल्या एका अनोळखी गृहस्थाला मिठी मारली आणि निकालाची वाट बघत रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मी सांगितलं, अजून बराच रस्ता आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मावशी, हरल्यावरसुद्धा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. हळूच म्हणाले, “बाराव्यानंतर काय असतं, मला माहीत नाही रे.”

मी कोपऱ्यातला माणूस, मलाही बारापर्यंतच येतं. पण टपालबाई तेवढ्यात तिथे पोचल्या होत्या. त्या जागच्या जागी पाय हलवत म्हणाल्या, “चढ असतो. मग लाकडाची वखार. मग उतार. चला, आणि माझ्याशी बोलत पळा.”

दाजी निघाले. बाईंच्या चालीने, बाईंच्या शेजारी. त्या टपालातल्या चुकलेल्या पत्त्यांच्या गोष्टी सांगत होत्या आणि दाजी मध्येच विचारत होते, मग पुढे काय झालं? तीन मिनिटं झाली, मी सवयीने सायकलवरून उतरलो. दाजी थांबलेच नाहीत. चढावर त्यांचा श्वास भात्यासारखा वाजत होता, पण प्रश्न चालूच. शेवटची रेघ त्यांनी बाईंबरोबर ओलांडली, त्यांच्या मागे फक्त रस्ता झाडणारी गाडी होती. ताई रेघेपलीकडे टॉवेल घेऊन उभी होती. दाजी तिला म्हणाले, “अगं, बाराव्याच्या पुढेही रस्ता आहे.” ती एकदम टॉवेलमध्ये तोंड घालून रडायला लागली, आणि मला दाजींचा घाम पुसायला स्वतःचा शर्ट वापरावा लागला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की पळू शकतात, फक्त कोणीतरी गप्पा मारायला हवं. बाकी सगळ्यांची चौकशी केल्याशिवाय नियम करता येणार नाही, म्हणून तूर्त हे एकाच नगापुरतं धर.

तुझा,
कोपऱ्यातला भाचा

ता. क. लांब पळायचं रीतसर शिकायला दाजींना महिनाभर तुझ्याकडे राहायचं आहे. नाही म्हणू नकोस, कारण ते काल निघाले. पळत. हे पत्र आधी पोचलं तर बैठकीतली वेताची खुर्ची आत ने. दाजी आधी पोचले तर पत्र नाही वाचलंस तरी चालेल, ते सगळं सांगतीलच.

ता. ता. क. टपालबाईही बरोबर आहेत. ताई बॅगा घेऊन मागोमाग बसने निघाली. तेव्हा गाद्या तीन काढ.