हत्तीच्या पोटावरचा डाग

शुक्रवार, दिवेलागण

तो डाग डोळ्यांपुढून हलत न्हाई.

उद्या सगळे तिरुपतीला निघणार. पोरांच्या दोन्ही बॅगा काळ्याच. गाडीत ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावर कापडाचे हत्ती शिवायला बसले. कापड शोधून राह्यले होते, तर सासूबाईंनी पेटीतून संतोषभाऊजींचा निळ्या चौकड्यांचा शर्ट काढून पुढ्यात टाकला. "हा काप."

माझा हातच उचलेना. माझा हा दीर घरातून निघून गेला तेव्हा माझी आराध्या रांगत होती, आता ती चौथीत आहे. दर दिवाळीला सासूबाई त्याचा शर्ट इस्त्री करून परत पेटीत ठेवतात. मंग आज कापायचा म्हणजे? आशा सोडली का त्यांनी?

कापला. खिशावर पेन फुटून पडलेला शाईचा डाग आहे. तो टाळायला गेले तर म्हणाल्या, "खिसा बराबर मधी घे. डाग दिसला पाहिजे." नव्या बॅगेवर असला डाग? चिडलेच मी. पण घेतला. हत्तीच्या ऐन पोटावर आला.

शिवून झाल्यावर त्यांनी ती बॅग दारात उभी केली आणि लांब जाऊन पाहिली. वाटलं, आता रडतील.

"तिरुपतीपोहोत किती टेसनं लागतेत गं?"

"लई लागतेत, आत्याबाई. का बरं?"

"बॅग खिडकीपाशी ठेव. डागावरून ओळखंल तो."