अंगणवाडीतलं विमान

४ ऑगस्ट, मंगळवार

खोटं बोलले — तेही पंधरा लेकरांसमोर! या महिन्याचा विषय ‘प्रवास’. अंगणवाडीतल्या खुर्च्या दोन रांगांत मांडून विमान केलं. पोरांनी त्याची शिरूर कासारची एसटी केली. आत यायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या! मी म्हटलं, विमानात रुमाल टाकत नसतात, जागेला नंबर असतो. ईश्वरीनं विचारलं, “बाई, तुमी बसलात का इमानात?” तोंडातून निघून गेलं — “हो तर!”

आजवर मी सगळ्यात उंच गेले ती शाळेच्या गच्चीवर, टाकी धुवायला.

६ ऑगस्ट

ईश्वरीची आजी मंजुळाबाई आल्या. लेक दिल्लीत, दिवस भरत आलेले, जावई सीमेवर. मुलानं विमानाचं तिकीट काढलंय, पण जायचं एकटीनं. “मी भिऊन न्हाईच म्हनले हुते. पर ईश्वरी म्हनली, बाई बसल्यात. मला शिकवा.” खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हटलं, उद्या या.

७ ऑगस्ट

मोबाईलवर व्हिडिओ बघून वहीत उतरवलं आणि मास्तरीण झाले. मंजुळाबाई छोट्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. माझ्या ओढणीचा पट्टा बांधला. ईश्वरी पायलट. “कंडक्टर कुटं बसतो?” हा त्यांचा पहिला प्रश्न. विमानात कंडक्टर नसतो — तेवढं सांगता आलं. मग त्यांनी विचारलं, “उडताना पोटात कसं हुतं?” हे वहीत नव्हतं. म्हटलं, काही नाही, पाळण्यात बसल्यासारखं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी पोरांना खिचडी वाढायला पळाले.

९ ऑगस्ट

पट्टा सोडायचा कसा, ते शिकवायचंच राहिलं!

१० ऑगस्ट

मंजुळाबाई आज गेल्या. मुलगा संभाजीनगरच्या विमानतळाच्या दारापर्यंत सोडून आला. पुढे त्या आणि माझं ज्ञान! माझ्या मिरवण्यापायी भलत्याच विमानात चढल्या तर? तिकडे लेक एकटी. मला लाज वाटतेय, आणि भीती त्याहून जास्त. देवा, पुन्हा थाप मारणार नाही — निदान विमानाची तरी.

११ ऑगस्ट

त्यांचा फोन. पोरांनी स्पीकरवर लावायला लावला. वेळेत पोचल्या, पहाटे नात झाली. मग म्हणाल्या, “शेजारची खुर्ची मोकळी हुती. मी रुमाल टाकला. एक जन बसाया आला. त्याला म्हनलं, ही जागा आमच्या बाईंची हाय. त्या अजून एकदाबी बसल्या न्हाईत.”